लांडगे किती, एल्क किती : हे ठरवतं कोण?

दर दोन-तीन महिन्यांनी आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो व्हिडिओ येतोच. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात लांडगे परत आणले, लांडग्यांनी हरणं पळवली, हरणं हटल्यावर झाडं वाढली आणि शेवटी म्हणे नदीनेसुद्धा आपली वाट बदलली. साताऱ्याची आत्या त्याखाली हात जोडल्याची चार चिन्हं टाकते आणि मला विचारते, "तू तिकडेच असतोस ना? पाहिलेस का रे लांडगे?"

मी असतो आयडाहो राज्यात, बॉइसी शहरात. यलोस्टोनचा एक चिंचोळा काठ या राज्यातही येतो. आणि इथल्या ज्या दुकानात मी माशांचे गळ घ्यायला जातो, त्याच काउंटरवर लांडगा मारायचा टॅग, म्हणजे एका जनावरापुरता परवाना, तोही मिळतो, साधारण सिनेमाच्या तिकिटाच्या किमतीत. हे आत्याला कसं सांगावं, ते मला अजून जमलेलं नाही. त्यात वायोमिंग ओलांडून कोलोराडोत गेलं, की नेमकं उलटं चित्र. तिथल्या सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये ओरेगनमधून १० लांडगे आणून सोडले आणि जानेवारी २०२५ मध्ये कॅनडातून आणखी १५ आणले.

एक राज्य लांडगे विकत घेतल्यासारखे आणतंय, दुसरं ते मारायचे परवाने विकतंय. आणि विचारलं तर दोघांचंही उत्तर एकच, "आमचं व्यवस्थापन विज्ञानावर आधारलेलं आहे." दोघंही खरं बोलतात, असं मला वाटतं. ते कसं, ते सांगतो.

आधी मंडळींची ओळख

एल्क म्हणजे हरणांच्याच कुळातलं, आपल्या सांबराहून थोराड जनावर. नर सव्वातीनशे किलोपर्यंत सहज भरतो, शिंगांचा पसारा माणसाच्या दोन हातांत मावत नाही. उन्हाळ्यात कळप डोंगरमाथ्यावर चरतात आणि बर्फ पडायला लागलं की खालच्या खोऱ्यांत उतरतात. इथला लांडगा आपल्या माळावरच्या लांडग्याच्या दुप्पट वजनाचा, ४०-४५ किलोचा. टोळीने राहतो आणि हिवाळ्यात त्याचं मुख्य अन्न एल्कच असतं. तरी पाचातल्या चार पाठलागांत त्याच्या हाती काहीच लागत नाही. एल्कची लाथ बसून बरगड्या मोडलेले, कवटी फुटलेले लांडगे इथल्या अभ्यासकांनी कितीतरी पाहिलेत.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी सरकारनेच लांडगे संपवायचं ठरवलं. विष, सापळे, बंदुका, सगळं वापरून १९२६ पर्यंत यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातूनही ते संपवले. मग एल्क वाढले. इतके वाढले, की उद्यानाचे रक्षकच त्यांना गोळ्या घालू लागले. १९६१-६२ च्या एकाच हिवाळ्यात त्यांनी चार हजारांहून जास्त एल्क मारले. लोक खवळले, १९६८ च्या सुमारास ते थांबलं, आणि उत्तरेचा कळप फुगत फुगत १९९४ मध्ये १९ हजारांवर गेला.

दरम्यान १९७३ मध्ये धोक्यातल्या प्रजातींसाठी कायदा आला. त्याखाली १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे यलोस्टोनमध्ये आणि ३५ आयडाहोच्या मध्यभागी सोडले. पुढचं सगळं राजकारण या ६६ जनावरांच्या वंशावळीभोवती फिरतं.

ही जनावरं कोणाची?

इथे पहिला गोंधळ होतो. अमेरिकेत रानटी जनावर हे ज्याच्या जमिनीवर उभं आहे त्याच्या मालकीचं नसतं. ते जनतेचं, आणि जनतेच्या वतीने राज्य सरकारच्या ताब्यात. आयडाहोची ६० टक्क्यांहून जास्त जमीन केंद्राची आहे, पण त्या जमिनीवरच्या एल्कचा हिशेब राज्याचं वन्यजीव खातं ठेवतं. अपवाद दोन. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत शिकार नाही, तिथे केंद्राची सत्ता. आणि एखादी प्रजात 'धोक्यात' म्हणून जाहीर झाली, की तीही केंद्राकडे जाते.

म्हणून लांडगा त्या यादीत आहे की नाही, यावर इतकी वर्षं कोर्टबाजी चालली. केंद्राने अट घातली होती, की आयडाहो, मोंटाना आणि वायोमिंग या तीन राज्यांत मिळून किमान ३०० लांडगे आणि ३० प्रजननक्षम जोड्या सलग तीन वर्षं टिकल्या पाहिजेत. ते २००२ मध्येच साधलं. तरी यादीतून काढणं, कोर्टाने परत घालणं, पुन्हा काढणं असा खेळ झाला. शेवटी २०११ मध्ये संसदेने अर्थसंकल्पाच्या विधेयकाला एक कलम चिकटवून आयडाहो आणि मोंटानाचा विषय संपवला. वायोमिंगचं घोंगडं २०१७ पर्यंत भिजत राहिलं.

आता हे लांडगे राज्यांचे. राज्याने काय करायचं? लांडगे नामशेष होऊ द्यायचे नाहीत, नाहीतर केंद्र परत येईल. आणि एल्कही टिकवायचे, कारण ज्यांच्या पैशावर खातं चालतं ते शिकारी एल्कसाठीच परवाने काढतात.

हिवाळ्याची एसटी

समाजमाध्यमांवर इथले लोक एक गणित मांडतात. एक लांडगा वर्षाला पंधरा-वीस एल्क मारतो. लांडगे दीड हजार. म्हणजे वर्षाला तीस हजारांपर्यंत एल्क गेले! गुणाकार बरोबर आहे, निष्कर्ष फसलेला आहे.

स्वारगेटला शेवटची एसटी लागली आहे असं समजा. जागा पन्नास, रांगेत सत्तर माणसं. रांगेतली दहा जणं कंटाळून रिक्षाने निघून गेली. गाडीत किती बसले? पन्नासच. आता समजा रांगेत चाळीसच जण होते आणि त्यातले दहा गेले. गाडीत बसले तीस. निघून गेलेले तेवढेच, पण परिणाम वेगळा.

एल्कसाठी हिवाळा ही ती एसटी. खालच्या खोऱ्यात जेवढा चारा, तेवढीच जनावरं वसंतापर्यंत तगणार. त्या मर्यादेला धारणक्षमता म्हणतात. आपल्या भाषेत, हे गायरान किती गुरं पोसेल, एवढाच अर्थ. कळप त्याच्या वर असेल तर लांडग्याने किंवा बंदुकीने मारलेल्यांपैकी पुष्कळ एल्क एरवी भुकेने मेलेच असते. एका मरणाने दुसऱ्या मरणाची जागा घेतली, बेरीज तीच. कळप मर्यादेच्या खाली असेल तर मात्र प्रत्येक शिकार ही वरची भर. तिथे आकडा खरोखर उतरतो.

म्हणजे "लांडग्यांमुळे एल्क कमी होतात का?" या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कुठे, कुठल्या वर्षी, चाऱ्याची काय स्थिती, हे विचारावं लागतं. राज्याचं खातं म्हणूनच आख्ख्या राज्याला एक नियम लावत नाही. आयडाहोचे एल्कसाठी दोन डझनांहून जास्त विभाग पाडलेले आहेत आणि प्रत्येकाचे दिवस वेगळे, टॅग वेगळे.

दुभती कोण, भाकड कोण

किती मेले यापेक्षा कोण मेलं, याला जास्त महत्त्व आहे. गोठेवाल्याला हे शिकवायला नको. दोन म्हशी गेल्या म्हणजे दोन म्हशी गेल्या असं तो म्हणत नाही. दुभती गेली की भाकड, हे आधी विचारतो.

यलोस्टोनच्या उत्तर कळपात हेच तपासलं गेलं. लांडग्यांनी मारलेल्या प्रौढ माद्यांचं सरासरी वय निघालं १४ वर्षांच्या आसपास. त्याच कळपातून उद्यानाबाहेर शिकाऱ्यांनी मारलेल्या माद्यांचं सहा-साडेसहा. लांडगा पळवून दमवतो, मागे पडेल तिला धरतो. म्हणून त्याच्या वाट्याला म्हाताऱ्या माद्या, पिल्लं आणि माजाच्या हंगामानंतर खंगलेले नर येतात. बंदूकवाल्यासमोर जी उभी राहील ती पडते, आणि ती बहुधा पुढची आठ वर्षं दरवर्षी एक पिल्लू देणारी असते.

वय कळतं कसं? दातावरून. दाताच्या मुळाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. एक वलय, एक हिवाळा.

म्हणून खात्याला कळप कमी करायचा असेल तर ते माद्यांचे टॅग वाढवतं, आणि वाढवायचा असेल तर माद्यांचे टॅग बंद करून फक्त नरांचे ठेवतं. नर कमी झाल्याने फारसं बिघडत नाही, एक नर अनेक माद्यांना पुरतो. हे सगळ्यात साधं आणि सगळ्यात परिणामकारक बटण आहे. लांडग्यांवर एवढा आरडाओरडा होतो, पण यलोस्टोनच्या कळपाबाबत हे फार थोडे लोक बोलतात, की उद्यानाबाहेर गार्डिनर गावाजवळ हिवाळ्याच्या शेवटी मादी मारायचे हजारेक परवाने वर्षानुवर्षं दिले जात होते. १९९६-९७ चा भयानक हिवाळा, मग दुष्काळाची वर्षं, वाढलेली अस्वलं आणि डोंगरी सिंह (म्हणजे प्यूमा), हे परवाने आणि लांडगे, असे सगळे एकावर एक आले. १९ हजारांचा कळप २०१३ पर्यंत चार हजारांच्या खाली घसरला. लांडगे त्यात नक्की होते. एकटे नव्हते. मादीचे ते परवाने बंद झाले आणि पुढे कळप पुन्हा सावरू लागला, लांडगे तिथेच असताना.

मोजतात कसं?

"दिसत नाही ते मोजलं कसं?" हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि खात्यावरचा निम्मा अविश्वास इथूनच येतो.

एल्क हिवाळ्यात हेलिकॉप्टरमधून मोजतात. पांढऱ्या बर्फावर तपकिरी जनावर उठून दिसतं. पण झाडाखाली उभी असलेली जनावरं नजरेतून सुटतात. म्हणून आधी काही एल्कच्या गळ्यात रेडिओपट्टे बांधायचे. कुठे आहेत ते माहीत असलेल्या जनावरांपैकी हेलिकॉप्टरमधल्या माणसाला किती दिसली, ते पाहायचं. उघड्या माळावर जवळपास सगळी, दाट झाडीत निम्मी, अशी प्रमाणं मिळतात. मग दिसलेल्या आकड्याला त्या प्रमाणाने वाढवायचं. सोबत शंभर माद्यांमागे पिल्लं किती, हेही टिपतात. हा आकडा एकूण संख्येपेक्षा जास्त बोलका असतो. पंचविसाच्या खाली गेला तर कळपाचं भविष्य फार बरं नाही.

लांडग्यांचं काम अवघड. ते थोडे, लाजाळू आणि रात्री हिंडणारे. आयडाहोने त्यासाठी जंगलात पाचशेहून जास्त कॅमेरे लावले, एका उन्हाळ्यात एक कोटीहून जास्त फोटो जमले. त्यातले बहुतेक वाऱ्याने हललेल्या गवताचे! ते संगणकाकडून गाळून घ्यायचे, आणि किती कॅमेऱ्यांत, किती वेळा, किती लांडगे दिसले यावरून राज्यातली संख्या काढायची. निघाली दीड हजारांच्या आसपास.

पण महिना विचारायला विसरू नका. लांडग्यांची पिल्लं एप्रिलमध्ये होतात, म्हणून उन्हाळ्यातला आकडा वर्षातला सर्वांत मोठा. शिकार, सापळे आणि नैसर्गिक मृत्यू वजा जाता हिवाळ्याच्या शेवटी तीच संख्या नऊशेच्या घरात येते. लांडग्यांचा कैवारी नऊशे सांगतो, विरोधक दीड हजार सांगतो. दोघंही त्याच अहवालातून वाचतात. दिवाळीत मोजलेली घरातली माणसं आणि एरवीची, यात फरक पडणारच.

"माणसाने लुडबुड कशाला? निसर्ग तोल सांभाळतो ना?"

ही शंका मलाही होती. तिचं उत्तर लेक सुपीरियरमधल्या आइल रॉयाल बेटाने दिलं. तिथे १९५८ पासून लांडगे आणि मूस या थोराड हरणांचा अभ्यास चालू आहे. शिकार नाही, वस्ती नाही, दोघंच आमनेसामने. तोल सापडायचा तर इथेच सापडायला हवा होता. झालं काय? १९८० मध्ये लांडगे पन्नासपर्यंत गेले, मग कुत्र्यांमधला पार्वो विषाणू बेटावर आला आणि ते कोसळले. मूस फुगले, मग १९९६ मध्ये भुकेने कोसळले. लांडग्यांमध्ये बाहेरचं रक्त येईना, घरातल्या घरात वीण होऊन पाठीचे मणके वेडेवाकडे झाले, आणि शेवटी उरले दोन. मूस तोवर दोन हजारांपर्यंत पोचले होते. २०१८ आणि २०१९ मध्ये १९ लांडगे बाहेरून आणून सोडावे लागले.

तराजूचा काटा मध्ये येऊन थांबतो तसा निसर्ग थांबत नाही. झोका घेतो, आणि तो कधी फार मोठा असतो. यलोस्टोनसारख्या मोठ्या उद्यानात तो झोका पाहत बसायची चैन परवडते. उद्यानाची कुंपणरेषा ओलांडली, की मध्ये माणसाची शेतं, गुरं, रस्ते आहेत. एल्क हिवाळ्यात ज्या खोऱ्यांत उतरायचे तिथे आता घरं आणि गवताची कुरणं आहेत. वायोमिंगमध्ये तर सरकार दर हिवाळ्यात एल्कना गवत घालतं, जॅक्सनजवळचं त्यासाठीचं आश्रयस्थान १९१२ पासूनचं आहे. एकाच गव्हाणीवर हजारो तोंडं आल्याने रोग पसरायची भीती आहे, तरी ते बंद करायची हिंमत होत नाही. लुडबुड आधीच झालेली आहे.

"मग लांडगे मारा, एल्क वाढतील"

आयडाहोचा लोलो नावाचा विभाग या वादातलं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो.

१९१० मध्ये इथे प्रचंड वणवा पेटला. दाट जंगल जळून गेलं आणि मोकळ्या डोंगरउतारांवर झुडपं आणि गवत माजलं. एल्कची चंगळ झाली. १९८९ मध्ये लोलोत साधारण १६ हजार एल्क मोजले गेले. २०१० मध्ये फक्त दोन हजारांच्या आसपास. या मधल्या काळात लांडगे आले, हे खरं. सगळ्यांचं बोट तिकडे वळलं.

पण मधल्या काळात झाडंही वाढत होती. वणवे विझवायचं धोरण आलं, झुडपांच्या डोक्यावर पुन्हा सावली धरली गेली, चारा आटला. त्यावर १९९६-९७ च्या हिवाळ्याने कळपाचा कणा मोडला. लांडग्यांची संख्या वाढण्याआधीच उतार सुरू झाला होता. एसटी छोटी झाली होती, आणि प्रवासी त्याहूनही कमी उरले होते. अशा वेळी मात्र लांडग्याची प्रत्येक शिकार ही वरची भर ठरते, कळपाला वर डोकं काढू देत नाही. खात्याने हेच कारण देऊन फेब्रुवारी २०१४ मध्ये हेलिकॉप्टरमधून २३ लांडगे मारले. त्यानंतरही लोलोचे एल्क पूर्वीच्या जागी आले नाहीत. लांडगे मारता येतात. आख्ख्या डोंगराची झाडं तरुण करता येत नाहीत.

आणि आता राज्याचा आकडा पाहा. आयडाहोत आज एक लाख वीस हजारांच्या आसपास एल्क आहेत, लांडगे येण्याआधीच्या उच्चांकाच्या अगदी जवळ. शिकारी दरवर्षी वीस हजारांच्या आसपास एल्क मारतात. शेजारच्या मोंटानात तर एल्क इतके झालेत, की खातं ठरलेल्या मर्यादेत आणायला धडपडतंय. एक हजारावर लांडगे असतानाही! आकडे राज्याचे बघायचे की आपल्या आवडत्या दरीचे, यावर माणसाचं मत ठरतं. ज्याचा आजा-बाप लोलोत शिकार करायचा, त्याला राज्याची सरासरी सांगून काय उपयोग.

नदी वळली का मग?

आत्याचा प्रश्न राहिलाच. लांडगे आल्यावर यलोस्टोनमध्ये काही ठिकाणी विलो आणि अॅस्पेनची झाडं उंच झाली, हे खरं. पण कोलोराडो स्टेट विद्यापीठातल्या अभ्यासकांनी दोन दशकं एक प्रयोग चालवला. ओढ्याकाठच्या काही विलोंना कुंपण घातलं, काही ठिकाणी बीव्हर हे पाण्यातले कुरतडणारे प्राणी बांधतात तसे छोटे बंधारे घातले. जिथे एल्कही अडवले आणि पाण्याची पातळीही वाढवली, तिथेच विलो नीट वाढले. लांडगे नसलेल्या सत्तर वर्षांत एल्कनी विलो खाल्ले, विलो गेले म्हणून बीव्हर गेले, बंधारे गेले, ओढे खोल कापले गेले आणि पाणी खाली गेलं. आता लांडगा आला म्हणून ते पाणी वर येत नाही. आटलेल्या विहिरीवर नवा रहाट बसवण्यासारखं आहे ते.

व्हिडिओ सुंदर आहे. मी तो आता पुढे पाठवत नाही, इतकंच.

ज्याची गाय गेली त्याला विचारा

पशुपालकांचं नुकसान राज्याच्या हिशेबात नगण्य दिसतं. लाखो गुरांतली लांडग्याने मारलेली म्हणजे टक्क्याचाही बारीक तुकडा. पण गारपीट तालुक्याच्या सरासरीवर पडत नाही, एकाच शिवारावर पडते. वसंतात ज्याच्या कुरणाशेजारी टोळीने बीळ केलं, त्याच्या घरात सरासरी चालत नाही. शिवाय डोंगरात मेलेलं वासरू सापडेपर्यंत हाडंच उरतात, आणि पुरावा नाही तर भरपाई नाही. म्हणून वायोमिंगमध्ये काही भागांत सिद्ध झालेल्या एका वासरामागे सात वासरांपर्यंतचे पैसे देतात. कोलोराडोत एका जनावराला १५ हजार डॉलरपर्यंत.

भरपाईबरोबर प्रतिबंधही असतो. रात्री राखण, मेलेली जनावरं ताबडतोब हलवणं, आणि दोरीला लाल चिंध्या बांधून वाड्याभोवती ती ओढणं. फडफडणाऱ्या चिंधीला लांडगा काही दिवस बिचकतो. नंतर सरावतो.

मग आकडा ठरवतं कोण?

आता मूळ मुद्द्याकडे. आयडाहोपुढे तीन आकडे आहेत. केंद्राच्या अटीप्रमाणे लांडगे १५० च्या खाली जाऊ द्यायचे नाहीत. राज्याच्या २०२३ च्या आराखड्यात लक्ष्य ठेवलंय ५०० च्या आसपास. आणि जमिनीवर आहेत हजाराच्या पुढे. यातला वैज्ञानिक आकडा कोणता?

कोणताही नाही, किंवा तिन्ही. विज्ञान सांगतं, की १५० ठेवलेत तर धोका इतका, ५०० ठेवायचे तर दरवर्षी साधारण इतके मारावे लागतील, मोकळे सोडलेत तर इतक्यावर जाऊन थांबतील. लांडगे भराभर वीत असल्याने दरवर्षी चौथा हिस्सा मारला तरी संख्या बहुधा टिकते, हेही विज्ञानच सांगतं. पण ५०० हवेत की दीड हजार, हे कॅमेरा सांगू शकत नाही. रक्ताचा रिपोर्ट साखर किती ते सांगतो. लग्नात जिलबी खायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं.

ते ठरवण्यासाठी आयडाहोत राज्यपालांनी नेमलेला सात जणांचा आयोग आहे. गंमत अशी, की हा आयोग जन्मला जनमतातून. १९३८ मध्ये मतदारांनीच मत देऊन ठरवलं, की शिकारीचे निर्णय राजकारण्यांच्या हातून काढून स्वतंत्र आयोगाकडे द्या. कोलोराडोत २०२० साली ५१ टक्क्यांच्या काठावरच्या बहुमताने लांडगे आणायचं ठरलं, तेव्हा आमच्याकडचे लोक हसले : मतपेटीतून कुठे जीवशास्त्र होतं का! आपला आयोग कुठून आला, ते विसरून.

आणि २०२१ मध्ये आयडाहोच्या विधिमंडळाने आयोगालाच बाजूला सारलं. टॅग हवे तितके घ्या, खासगी जमिनीवर वर्षभर सापळे लावा, असा कायदा केला. आयोगाने त्याला विरोध केला होता. राज्यातले ९० टक्के लांडगे मारणार, अशा बातम्या जगभर गेल्या. पुढच्या वर्षीच्या मोजणीत संख्या उतरली ती पंधराशेवरून साडेतेराशेच्या आसपास. कायदा करणं सोपं, बर्फात लांडगा गाठणं अवघड.

आकड्यावर आणखी एक वजन असतं, पैशाचं. खात्याचा बराचसा खर्च परवान्यांच्या शुल्कातून निघतो. परराज्यातल्या माणसाला एल्कचा परवाना आणि टॅग मिळून आठशे डॉलरच्या आसपास पडतात. त्याशिवाय बंदुका आणि काडतुसांवरचा १० ते ११ टक्के कर १९३७ च्या कायद्याप्रमाणे केंद्राकडून राज्यांना मिळतो. म्हणजे जंगल जपायला पैसे देतो तो बंदूकवाला, आणि दुर्बिणीने लांडगे बघायला येणारा देतो तो हॉटेलला. खात्याचा कान कोणाकडे जास्त असणार?

आपल्याकडच्या वाचकाला हे चक्रावून टाकणारं वाटेल. भारतात १९७२ च्या कायद्याने शिकारच बंद झाली, लांडगा पहिल्या अनुसूचीत आहे, आणि सोलापूर-नगर-पुण्याच्या माळावर तो धनगरांच्या मेंढ्यांवर जगतो. तिथे 'किती लांडगे हवेत' हा प्रश्न कोणी कागदावर विचारतच नाही. मेंढी गेली की पंचनामा होतो आणि भरपाईची वाट बघितली जाते. माळ नांगरले जातात, सौरऊर्जेचे पट्टे उभे राहतात, आणि लांडग्याचा आकडा न ठरवताच ठरत जातो.

एक कागद

माझ्या ऑफिसातला एक सहकारी दर ऑक्टोबरला एल्कला जातो. एकदा मी त्याला टॅग दाखवायला सांगितला. पाकिटात घडी घालून ठेवलेला कागद, कडेला बारा महिने आणि एकतीस दिवस छापलेले, प्रत्येकापुढे छोटा त्रिकोण. जनावर पडलं की तिथल्या तिथे चाकूने त्या महिन्याचा आणि त्या दिवसाचा त्रिकोण कापून काढायचा आणि कागद धडाला बांधायचा. एक टॅग, एक एल्क.

त्या वर्षी त्याचा कागद कोरा होता. नऊ दिवस हिंडला, दोनदा लांडग्यांचं ओरडणं ऐकलं, एल्कची शेपटीही दिसली नाही. लांडग्यांना त्याने चार शिव्या घातल्या आणि मग कॉफीचा पेला बाजूला ठेवून माझ्यासमोरच खात्याच्या संकेतस्थळावर गेला. काही मारलं नाही तरी अहवाल भरावाच लागतो, गेलाच नाहीत तरी भरावा लागतो. कुठला विभाग, किती दिवस हिंडलात, किती मारले. शेवटच्या चौकोनात त्याने शून्य टाकलं.

"याचा काय उपयोग?" मी विचारलं.

"पुढच्या वर्षी माझ्या विभागातले टॅग कमी करतील," तो म्हणाला, आणि दात ओठ खात त्याने बटण दाबलं.